उत्तर: हौशी मोजणीवर भरवसा कसा ठेवायचा?

‘हौशी लोकांच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?’ ही शंका रास्तच. पण किरणोत्सर्ग मोजण्याचं जपानमधल्या फुकुशिमाचं उदाहरण बघा. मार्च २०११ च्या तिथल्या अणुवीज प्रकल्पातल्या अपघातानंतर सेफकास्ट या नागरिकांच्या गटाचे स्वयंसेवक गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) गाडीच्या खिडकीबाहेर अडकवून गावोगाव फिरले. यंत्राचं नाव बीगायगी, म्हणजे ‘बेंतो गायगर’; बेंतो म्हणजे जपानी जेवणाचा डबा, तशी पेटी म्हणून! दर ५ सेकंदांनी नोंद, सोबत जीपीएसवरून जागा आणि वेळ. एकाच गावात दोन गल्ल्यांतली किरणोत्सर्गाची पातळीही बरीच वेगळी निघायची; सरासरीत हे बुडून जातं. सगळी माहिती खुली, त्यामुळे एकाचं यंत्र बिघडलं तर त्याच रस्त्याने गेलेल्या दुसऱ्याच्या नोंदीवरून कळतं. फक्त मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आकडा जपून वाचा, तो सिझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ गृहीत धरून काढलेला असतो; पदार्थ दुसरा असेल तर आकडा चुकू शकतो.