लांब शब्द पाठ नको, फोडून शिकवा

लांबलचक इंग्रजी शब्दांची यादी देऊन तुम्ही रोज एक शब्द मुलांकडून पाठ करून घ्यायला सुचवलंय. यादी उत्तम आहे, पाठांतर मात्र मला पटत नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-निपाणीकडची मुलं मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही शिकतात, संधी-समास फोडतात. तीच सवय इथं लावा.

यादीतला ४५ अक्षरांचा न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस बघा. न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, पुढे अतिसूक्ष्म, मग सिलिका, ज्वालामुखी, धूळ, आणि ओसिस म्हणजे विकार. हा शब्द १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडीप्रेमींच्या संघटनेतून आला, मुद्दाम लांब केलेला. डॉक्टर साधं सिलिकोसिस म्हणतात. आणि हा आजार ज्वालामुखीपाशीच होतो असं नाही. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक भागातल्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, साच्यांची वाळू बहुधा सिलिकाचीच. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून तयार झालेला भाग, झाडताना, घासताना तिची बारीक धूळ उडते, आणि ती वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं कडक होत जातात. झालेलं नुकसान भरून येत नाही. ज्याचे वडील फौंड्रीत आहेत त्या मुलाला स्पेलिंग नाही आलं तरी चालेल, हा अर्थ कळलाच पाहिजे.

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशनही तसाच फुटतो: क्षुल्लक अशा अर्थाचे चार लॅटिन शब्द ओळीनं जोडलेत. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच अर्थ. १७४१ पासून लिखाणात सापडतो.

तुमच्या यादीत प्रत्येक शब्दापुढं अशी फोड टाका. ग्रीक-लॅटिन तुकडे मी लिहून देतो.