उत्तर: एलायझात यूसीएच-एल१ भरपूर, क्रिया मात्र शून्य
प्रश्न असा: एलायझा किटने (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी) नमुन्यात यूसीएच-एल१ हे एन्झाइम भरपूर दिसतं, पण त्याची क्रिया शून्य येते, मग किट खोटं आहे का? मला तसं वाटत नाही. सँडविच एलायझा (प्रथिन दोन प्रतिपिंडांमध्ये पकडणारी) प्रथिन किती आहे तेवढंच मोजते. ते आपलं काम करतंय, म्हणजे युबिक्विटिन (इतर प्रथिनांना खूण म्हणून जोडलं जाणारं छोटं प्रथिन) तोडून वेगळं करतंय, की नुसतं पडून आहे, हे तिला कळत नाही. क्रिया मोजायला युबिक्विटिन-एएमसी (युबिक्विटिनला जोडलेला एएमसी हा रंग) वापरा, जोड तुटला की एएमसी चमकतं. क्रिया शून्य का, तर माझा पहिला संशय लायसिस बफरवर (पेशी फोडायचं द्रावण). युबिक्विटिनच्या साखळ्या टिकाव्यात म्हणून त्यात एनईएम (एन-इथाइलमॅलिमाइड हे रसायन) घातलंत का? (आमच्याकडे सवयीने पडायचं.) ते एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं आणि एन्झाइम कायमचं गार होतं. मेंदूचा नमुना असेल तर दोन-तीन पातळ्यांवर विरल करून पाहा. न्यूरॉनमध्ये यूसीएच-एल१ इतकं असतं की एलायझाचा सिग्नल प्रमाण-वक्राबाहेर (ज्यावरून प्रमाण वाचतात तो आलेख) जातो. बाकी, २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डोक्याच्या दुखापतीसाठी परवानगी दिलेली रक्तचाचणीही यूसीएच-एल१चं प्रमाणच मोजते, क्रिया नव्हे.