मदत हवी आहे: वॅगनचे पाच तारे आणि रिकॉलची नोंद यांवर कितपत विसंबावे?

पानगळ:
घरासाठी एक सात आसनी वॅगन घ्यायचे जवळजवळ नक्की झाले आहे. तिला क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे आहेत. चॅसिस नंबर टाकून रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणे) तपासला, तर ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर आले, म्हणजे गाडी निर्दोष आहे असे मी धरून चाललो आहे. भाऊ मात्र म्हणतो की या मॉडेलचे आतापर्यंत चार रिकॉल झाले, तेव्हा हिच्या वाटेलाच जाऊ नये. आमच्यापैकी बरोबर कोण? विकणारा शनिवारपर्यंतच थांबणार आहे, म्हणून कृपया नेमके सांगावे.

चौकस:
गाडी कोणत्या वर्षी बनली आणि तारे कोणत्या संस्थेने कधी दिले, हे कळल्याशिवाय नेमके कसे सांगणार? २००५ साली युरो एनकॅप या युरोपातील चाचणी संस्थेकडून पाच तारे मिळवणाऱ्या फियाट पुंटोला त्याच संस्थेने २०१७ साली पुन्हा तपासले, तेव्हा तिला एकही तारा मिळाला नाही. मधल्या काळात परीक्षा कठीण झाली आणि गाडी होती तिथेच राहिली.

जडशीळ:
ताऱ्यांच्या नादी लागू नये. गाडी जितकी जड तितकी आतली माणसे सुरक्षित, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

चौकस:
दोन गाड्या समोरासमोर धडकल्या तर जड गाडीला फायदा होतो, हे मान्य आहे. पण झाडापुढे किंवा खांबापुढे तो फायदा उरत नाही. अमेरिकेतील आयआयएचएस या संस्थेने २०१२ साली गाडीच्या पुढच्या भागाचा केवळ २५ टक्के हिस्सा ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवण्याची चाचणी सुरू केली. त्यात धक्का सांगाड्याच्या मुख्य पट्ट्यांना चुकवून थेट चाकावर येतो आणि चाक चालकाच्या पायांकडे ढकलले जाते. पहिल्या खेपेच्या ११ महागड्या गाड्यांपैकी फक्त तीनच त्यात बऱ्यापैकी टिकल्या. त्या अकरांपैकी एकही गाडी हलकी नव्हती.

जडशीळ:
प्रयोगशाळेतला अडथळा आणि रस्ता यांत फरक असतो, एवढेच म्हणतो.

पानगळ:
वाद नंतर घालावा, ही विनंती. गाडी २०१६ ची असून तारे युरो एनकॅपने २०१४ साली दिलेले आहेत. मॉडेलचे नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सारी चर्चा कंपनीच्या भल्याबुऱ्यावर घसरेल. मुले तिसऱ्या रांगेत बसणार आहेत.

आडवाट:
टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या क्रमांकातील शेवटचे चार अंक पाहावेत. पहिले दोन अंक टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात.

चौकस:
मुलांचे आधी सांगायला हवे होते! २०१४ च्या त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे बाहुले असत, तेही दुसऱ्या रांगेत. सहा आणि दहा वर्षांचे बाहुले २०१६ पासून आले. धडकेत तिसऱ्या रांगेतल्या मुलांचे काय होते, याविषयी तुमचे पाच तारे काहीच बोलत नाहीत.

निळीशाई:
मुख्य घोटाळा वेगळाच वाटतो. ‘नोंद सापडली नाही’ आणि ‘प्रलंबित रिकॉल नाही’ ही दोन निराळी उत्तरे आहेत. पहिल्याचा अर्थ टाकलेला नंबरच ओळखला गेला नाही, असाही असू शकतो. चॅसिस नंबर सतरा चिन्हांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. आपण शून्याच्या जागी ओ टाकला आहे का? भावाच्या चार रिकॉलबद्दल म्हणाल, तर प्रत्येक रिकॉल ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांपुरता असतो. चुकीच्या स्टिकरसाठीही रिकॉल निघतो आणि ब्रेकसाठीही, त्यामुळे नुसती संख्या मोजून काही कळत नाही. माझ्या जुन्या गाडीचे रिकॉलचे पत्र आधीच्या मालकाच्या पत्त्यावर जात राहिले आणि मला ते दोन वर्षांनी समजले.

पानगळ:
समोरच्या काचेखालची चॅसिस नंबरची पट्टी ओल्या फडक्याने पुसून टॉर्चच्या उजेडात पाहिली. बारावे चिन्ह शून्यच होते, मी ओ टाकला होता. आता एक रिकॉल प्रलंबित दिसतो आहे, पुढच्या प्रवाशाच्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरचा, म्हणजे ती फुगवणाऱ्या भागाचा. विकणारा म्हणतो की एअरबॅगचा दिवा पेटत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे.

निळीशाई:
तो दिवा विजेच्या जोडणीतला दोष दाखवतो. इन्फ्लेटरमधील स्फोटक पदार्थ खराब झाला आहे का, ते त्याला कळत नाही. टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने बिघडत गेले, अपघातात धातूचे कवच फुटून तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसले, आणि एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले. आपल्या गाडीचा दोष तोच आहे की दुसरा, हे रिकॉलच्या मजकुरात वाचावे आणि काम होईपर्यंत त्या आसनावर कोणालाही बसवू नये.

जडशीळ:
या बाबतीत मात्र मी सहमत आहे. लोखंड कितीही असले तरी आतून फुटणाऱ्या वस्तूपुढे त्याचा उपयोग नाही.

पानगळ:
विकणाऱ्याला कळवले आहे की अधिकृत केंद्रात इन्फ्लेटर बदलल्याची पावती चॅसिस नंबरासह दाखवल्यावरच पैसे मिळतील. तो कुरकुरत का होईना, तयार झाला. तिसऱ्या रांगेतील डोके टेकायच्या उशीपासून मागच्या काचेपर्यंत जेमतेम वीतभर अंतर भरले, तेव्हा मुले दुसऱ्या रांगेत बसतील आणि मागे सामान राहील. भावाला हा धागा वाचायला दिला आहे.

आडवाट:
टायरचे वर्ष पाहिलेत का?