योकोहामाहून तामागोची आणायचंय, नवऱ्याला नेमकं कुठलं सांगू?

डिचोलीची बाय
आमचे हे क्रूझच्या बोटीवर गॅलीत (स्वयंपाकघरात) आहेत. चवथीला घरी येतील, त्याआधी बोट योकोहामाला लागणार आहे. मुलांनी कुठेतरी तामागोचीचा, म्हणजे पडद्यावरचं खोटं पिल्लू पाळायच्या त्या जपानी खेळण्याचा, व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून कॉलवर बापाशी दुसरा विषयच नाही. मोठा १० वर्षांचा, धाकटी ६ ची. ह्यांना साबण आणायला सांगितला तरी दुकानातून फोन करून कुठला घेऊ विचारतात, म्हणून मॉडेलचं नावच हातात द्यायचंय.

जपानी भाषेतलं घेतलं तर पोरांना कळेल का? सेल इथे मिळतो का? आणि धाकटीचं पिल्लू मेलं तर काय? पावसात मांजराचं पिल्लू गेलं तेव्हा दोन घरं पलीकडची आजी विचारायला आली होती, इतकी रडली.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं सांगू नका. ते घेऊन झालंय. एकात १६८ प्राणी म्हणे, सगळे सारखेच दिसतात आणि सारखेच ओरडतात.

पर्वरीकर
जपानात काही काळ कामाला होतो, तेव्हा पुतण्यांसाठी बरीच दुकानं पालथी घातलीत. वहिनी, एक गोष्ट ठामपणे सांगा: मीट्स आणि स्मार्ट ही मॉडेलं घ्यायची नाहीत. दिसायला सुंदर, पण आत सगळं जपानी. स्मार्ट तर मनगटावर बांधायचं असतं, मुलं त्यालाच भुलतात.

मोठ्यासाठी यूनी. २०२३ मध्ये आलं, रंगीत पडदा, वायफाय आहे आणि सुरुवातीलाच इंग्रजी निवडता येतं. चार्जिंगचं आहे, सेलची भानगड नाही. जपानात छापील किंमत ८,२५० येन होती. फक्त घरचं वायफाय २.४ गिगाहर्ट्‌झवर लागतं, नाहीतर "जोडतच नाही" म्हणून ओरड होईल.

धाकटीला ओरिजिनल, तीन बटणांचं काळं-पांढरं. त्यात वाचायचं जवळजवळ काही नसतं, सगळी चित्रं.

दुकान: बोट ओसानबाशी धक्क्याला लागली तर निहोन-ओदोरी स्टेशनपर्यंत चालत जायचं, तिथून मिनातोमिराई लाइनने योकोहामा स्टेशन, आणि पश्चिमेच्या दारातून बाहेर पडून योदोबाशी कॅमेरा. नाव कॅमेऱ्याचं असलं तरी खेळण्यांचा मोठा विभाग आहे. खोक्यावर बंदाईचं, म्हणजे तामागोची बनवणाऱ्या कंपनीचं, नाव बघायला सांगा.

वास्कोचा
मोठा जर "हे मुलींचं" म्हणाला तर त्याच कंपनीचं डिजिमॉन बघा, तेही पिल्लू पाळायचंच खेळणं. १९९७ मध्ये निघालं ते मुलग्यांसाठीच. दोन यंत्रं जोडून झुंज लावता येते. एकट्याने खेळायला मात्र यूनीच बरं.

आणि कुरियरने मागवण्याचा विचारही नको. २०२३ च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी ६० वरून ७० टक्के केली. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो जपानी खोक्यावर कुठून असणार? बॅगेतून आणलेलंच बरं. यूनीत बॅटरी आहे, हँडबॅगेत ठेवायला सांगा.

फोंड्याची टीचर
मी प्राथमिकला शिकवते, त्यामुळे माझा जीव घड्याळात. ओरिजिनलमधलं लहान पिल्लू रात्री ८ ला झोपतं आणि सकाळी ९ ला उठतं, ते त्याच्या आतल्या घड्याळाप्रमाणे. भाऊंनी हौसेने बोटीवरच चालू केलं आणि जपानी वेळ लावली तर इथे ते दुपारी साडेचारलाच झोपेल, आणि तुमची धाकटी शाळेतून येऊन त्याचं तोंड बघत बसेल. सेलची पट्टी घरी आल्यावरच ओढा.

आपल्या शाळा सकाळच्या. बरोबर वेळ लावली तर ते उठल्यापासून मूल घरी येईपर्यंत उपाशी, आणि मग ते दप्तरातून वर्गात येतं. माझा उपाय: घड्याळ ३ तास मागे लावायचं. दुपारी १२ ला उठेल. रात्री ११ पर्यंत जागं राहील आणि खेळण्यातला त्याचा दिवा मालवायचं काम तुमच्या गळ्यात पडेल, पण वर्गात पीं-पीं नको. आवाज बंद करायला पहिलं आणि तिसरं बटण एकदम दाबायचं.

मरणाचं म्हणाल तर जपानी आवृत्तीत भूत आणि थडगं दिसायचं, बाहेरच्या देशांसाठी त्याचा देवदूत केला. तीच दोन बटणं पुन्हा दाबली की नवं अंडं. सहा वर्षांच्या मुलीला आधीच सांगून ठेवा.

सेल सीआर २०३२, घड्याळवाल्याकडे मिळतो. झाकणाचा स्क्रू घट्ट हवा. असला सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, जुना सेलसुद्धा घरात पडू देऊ नका.

म्हापसेकर
ज्या दोघांनी हे खेळणं काढलं, अकी माइता आणि अकिहिरो योकोई, त्यांना १९९७ चं इग नोबेल (नोबेलची थट्टा करणारं गमतीचं बक्षीस) मिळालं होतं, तेही अर्थशास्त्राचं! लाखो माणसांचे कामाचे तास खोटी पिल्लं पाळण्यात घालवल्याबद्दल. बाय, त्या तासांत आता तुमचेही जाणार.

डिचोलीची बाय
सगळ्यांचे आभार. यूनी आणि ओरिजिनल पक्कं. टीचर, ३ तासांचं मी पोरांना सांगणारच नाही, गुपचूप लावून ठेवते. ह्यांना सगळं व्हॉट्सॅपवर पाठवलं तर लगेच उलटा प्रश्न आला: गुलाबी नसलं तर जांभळं चालेल का? धाकटीला विचारलं. चालणार नाही म्हणे.