उजनी जलाशयात होडीतून पक्ष्यांचे छायाचित्रण आणि संपादन

प्रश्न
भिगवणजवळच्या कुंभारगावातून मासेमारीच्या छोट्या होडीने उजनी जलाशयात जाऊन मी रोहित (फ्लेमिंगो) आणि चित्रबलाक (पेंटेड स्टॉर्क) या पक्ष्यांची छायाचित्रे घेतो. होडीत तिपाई उभी राहत नसल्याने १५०-६०० मिमीची लेन्स हातातच धरावी लागते. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवूनही बरीच छायाचित्रे धूसर येतात, आणि जी स्पष्ट येतात त्यांत रोहितच्या पाठीवरील पिसे नुसती पांढरीफेक दिसतात. हे दोष संगणकावर दूर होतील का, की होडीतच काही बदल करावा लागेल?

प्रतिसाद १
धूसरपणाची कारणे दोन असू शकतात आणि ती आधी वेगळी केली पाहिजेत. होडीच्या हेलकाव्यासाठी १/२००० किंवा त्याहून अधिक वेग ठेवावा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढला तरी चालेल, कारण कणीदारपणा नंतर कमी करता येतो, हललेले चित्र मात्र सावरता येत नाही. लेन्स होडीच्या काठावर टेकवू नये, इंजिनाची थरथर थेट तिच्यात उतरते. तळाशी बसून कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत, म्हणजे पक्षीही डोळ्यांच्या पातळीवर येतो.
दुसरे कारण हवेचे आहे. ऊन चढले की पाण्यावरच्या हवेचे थर कमी-अधिक तापतात आणि दूरचा पक्षी थरथरताना दिसतो. त्यावर शटरचा वेग वा शार्पनिंग (संगणकावर कडा ठळक करणे) यांचा काहीही उपयोग नाही. सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तासच दूरच्या छायाचित्रांसाठी राखून ठेवावेत.

प्रतिसाद २
पांढऱ्या पिसांविषयी सांगतो. गडद पाणी चौकटीत जास्त असले की कॅमेरा दृश्य उजळ करू पाहतो आणि पिसांतील तपशील जळतो. म्हणून एक्स्पोजर (चित्रात येणारा प्रकाश) दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), हिस्टोग्राम म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख पाहावा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच चित्रण करावे. संपादनात प्रथम नॉइज (कणीदारपणा) कमी करावा, मग हायलाइट्स (सर्वांत उजळ भाग) खाली आणाव्यात, आणि शार्पनिंग केवळ पक्ष्यापुरते मास्क लावून (म्हणजे बाकीचा भाग वगळून) करावे, नाहीतर पाण्यातही कण उठून दिसतात. गुलाबी रंगाचे सॅच्युरेशन (गडदपणा) वाढवण्याचा मोह मात्र कृपया टाळावा. ‘मोठा रोहित’ या जातीचे शरीर फिकटच असते, लालसर रंग पंखांच्या झाकपिसांत (उड्डाणपिसांचे बूड झाकणाऱ्या लहान पिसांत) असतो आणि तो उड्डाणात खुलतो.

प्रतिसाद ३
वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट नावाड्याशी आधी बोलून घेणे ही आहे. थवा बराच दूर असतानाच इंजिन बंद करून बांबूने होडी पुढे न्यावी, आणि पक्ष्यांनी खाणे थांबवून माना ताठ केल्या की तिथेच थांबावे. रोहितला उडण्यासाठी पाण्यावर धावत जावे लागते. केवळ उड्डाणाच्या छायाचित्रासाठी थव्याला उठवणे मला मुळीच मान्य नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे: होडी कलल्यामुळे चित्र तिरपे आले आणि चौकटीत क्षितिज दिसत नसेल, तर ते सरळ कशाच्या आधारे करावे?

प्रतिसाद २
पाणी संथ असल्यास पक्ष्याचा डोळा आणि प्रतिबिंबातील डोळा जोडणारी रेषा उभी आणावी. दूरचा काठ दिसत असला तरी त्यावर विसंबू नये, कारण काठ कॅमेऱ्यापासून तिरका जात असेल तर तो चित्रात उतरता दिसतो.