मदत हवी आहे: घरच्या साबणासाठी पहिलं सामान काय घ्यावं?

नमस्कार मंडळी, लातूरहून विचारतेय. घरी साबण करून बघायचाय. 500 ग्रॅम खोबरेलाला, 5 टक्के तेल शिल्लक राहील असं धरून, साधारण 87 ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, इथपर्यंत गणित जमलंय. पण आमचा काटा पाच-पाच ग्रॅमनं उड्या मारतो! 1 ग्रॅमचा पुरेल का 0.1 चा घेऊ?

मागं ॲल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा कालवला. फसफसून पातेलं काळंठिक्कर. सासूबाई अजून ऐकवतात. आता स्टीलचंच वापरणार. बोअरचं पाणी लई जड, म्हणून बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणू का? अन् घाण्याचं करडईचं तेल किती मिसळावं? जास्त झालं तर वडी मऊ पडते म्हणतात. हातमोजे, चष्मा घेतलाय.