मशीननं ‘काही नाही’ सांगितलं, मी वहीत तसंच लिहिलं. आता जबाबदार कोण?

आशाताई, धारूर

नमस्कार. मी धारूर तालुक्यात अकरा वर्षांपासून आशा म्हणून काम करते. आमच्या तांड्यावरची निम्मी घरं दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्याला जातात. मागच्या हंगामात टोळ्या निघायच्या आधी गावात टीबी तपासणीचं शिबिर झालं. हातात धरायचं छोटं एक्स-रे मशीन आणि शेजारी टॅब. फोटो काढला की मिनिटभरात एआय तो वाचतं आणि लाल नाहीतर हिरवी खूण येते. डॉक्टर कुणी नव्हते.

माझ्याकडची एक बाई, वय चौतीस. तीन आठवडे खोकला, सांजच्याला अंगात कणकण. परकराची नाडी रोज थोडी जास्त ओढून बांधावी लागायची, हे तिनंच मला दाखवलं होतं. मीच तिला शिबिराला नेलं. हिरवी खूण आली. मी तिथल्या दादांना म्हणाले, हिला खोकला आहे, बेडक्याची डबी द्या. ते म्हणाले, लाल येईल त्यांनाच डबी, डब्या मोजून आल्यात. बाई म्हणाली, “मशीन खोटं बोलंल का ताई? उचल घेतलीया, परवा गाडी भरायची.” मी तिच्या नावापुढं ‘निरंक’ लिहिलं आणि गप्प बसले.

फेब्रुवारीत कर्नाटकातल्या फडात मोळी उचलताना तिच्या तोंडातून रक्त आलं. परत आणून अंबाजोगाईला बेडका तपासला, टीबी निघाला. आता गोळ्या चालू आहेत. परवा नवऱ्यानं दारात उभं राहून विचारलं, “तुम्हीच म्हणला होता ना, काही नाही म्हणून?” मला तोंड उघडता आलं नाही.

चूक मशीनची, शिबिर घेणाऱ्यांची, का माझी? तिला टॅबवर बोटानं रेघ ओढायला लावली होती. कशासाठी, ते तिलाही सांगितलं नाही आणि मलाही. ती रेघ उद्या तिच्याच अंगावर येईल का? आणि तिच्या छातीचा फोटो आता कुणाकडं आहे? तीन रात्री झोप नाही, म्हणून विचारते.

ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर, लातूर जिल्हा

ताई, कायद्याचं नंतर बघू. घरात कोण कोण आहे? फडावर खोपीत तिच्याजवळ कोण झोपत होतं? पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर आजच तपासणीला न्या. त्याला टीबी झालेला नसेल तर होऊ नये म्हणून औषध सुरू करतात. बाकीच्या घरच्यांचीही तपासणी करायची.

आता तुमचा प्रश्न. दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन घटलेलं, अशा माणसाचा बेडका तपासायचाच, एक्स-रे काहीही सांगो. आपल्या क्षयरोग कार्यक्रमाची हीच पद्धत आहे. तुमची मागणी बरोबर होती, नकार चुकीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या माणसांचे छातीचे एक्स-रे सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायला मान्यता दिली, पण ती चाळणी म्हणून. चाळणीतून दाणा निसटतो. मणक्याचा किंवा गाठीचा टीबी तर छातीच्या फोटोत बहुतेकदा दिसतही नाही. खोकणाऱ्या माणसाला हिरव्या खुणेवर घरी पाठवणं मला मान्य नाही.

परभणीकर

मी पुण्यात वैद्यकीय चित्रं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. तुम्ही खूण बघितली, पण मशीन आधी एक आकडा काढतं. त्या आकड्याला एक उंबरठा ठरवलेला असतो. त्याच्या वर गेलं की लाल, खाली राहिलं की हिरवं. उंबरठा खाली आणला तर जास्त माणसं बेडका तपासणीला जातात आणि डब्याही जास्त लागतात. वर नेला तर डब्या वाचतात, पण आजारी माणसं सुटतात. आणि तो कुठं ठेवायचा हे माणूस ठरवतो. त्या दिवशी तो किती होता, कुणी ठरवला आणि बाईचा आकडा किती आला, हे लेखी मागा. अगदी काठावरचा आकडासुद्धा हिरवाच दिसतो.

वकील, अंबाजोगाई

कायद्यापुढं मशीन ही व्यक्ती नाही, तिला कठड्यात उभं करता येत नाही. जबाबदारी ते वापरणाऱ्यांवर, बनवणाऱ्यांवर आणि त्याच्या भरवशावर निर्णय घेणाऱ्यांवर येते.

ताई, पहिलं सांगणं: वहीतली ती नोंद खोडू नका, बदलू नका. डबी मागितली होती आणि मिळाली नाही, हे वेगळ्या कागदावर आजची तारीख घालून लिहा. तिथं हजर असलेल्या बायकांची नावंही लिहा. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायला निष्काळजीपणा घोर असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं. डबी मागणाऱ्या आशावर तसा ठपका बसेल असं मला वाटत नाही.

ग्राहक आयोगात अडचण आहे. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार जिथं सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते तिथं रुग्ण ग्राहक ठरत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे, पण तिथंही बाई ग्राहक ठरते का, हा प्रश्न येतो. शिबिर सरकारी असेल तर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट अर्ज करता येईल. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराला सरकारी दवाखान्यांनी दाखल करून घेतलं नव्हतं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या कलम २१ खाली, म्हणजे जगण्याच्या हक्काखाली, सरकारला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. तो मामला तातडीच्या उपचाराचा होता, त्यामुळं इथं युक्तिवाद कष्टानं उभा करावा लागेल.

त्या रेघेची भीती बाळगू नका. समीरा कोहली खटल्यात, २००८ मध्ये, न्यायालयानं म्हटलं की पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. न समजता दिलेल्या सहीची किंमत आपल्याला नव्यानं शिकायला नको. फोटो आणि आकडा बाईच्या नावानं अर्ज करून मागा. शिबिर सरकारी असेल तर उंबरठा कुणी ठरवला ते माहितीच्या अधिकारात विचारा.

आशाताई, धारूर

सगळ्यांचे आभार. धाकटं चार वर्षांचं आहे, त्याला दुसऱ्याच दिवशी नेलं. टीबी नाही, पण औषध सुरू केलं. थोरल्या पोरीची आणि सासूची तपासणी झाली.

काल नवऱ्याकडं गेले. सांगितलं, मी डबी मागितली होती, मिळाली नाही. पण दुसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात न्यायला मला कुणी अडवलं नव्हतं, ते मी केलं नाही. तो बराच वेळ खाली बघत बसला. मग मोबाईल काढून टोळीतल्या बारा कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्यांची, नावं एकेक करून सांगितली. तीन जोड्या वडवणीच्या आहेत, एक पाथरीची. तिकडच्या आशांचे नंबर मिळवतेय.

दोन्ही अर्ज दिले. बाईला वाचून दाखवले, तिनं दोनदा विचारून घेतलं आणि मगच अंगठा दिला. पोच वहीत त्याच पानाला टाचून ठेवली आहे.